आईचे दूध आणि कोयत्याचा हिशेब

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध पाजा, वरचे पाणीसुद्धा देऊ नका, असे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेले असते. सल्ला शंभर टक्के खरा आहे. आमचा सवाल एवढाच की, ही भिंत कोणत्या आईशी बोलते?

दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या सातारा-सांगलीत उतरतात. कराड, वाई, वाळवा या तालुक्यांत कोप्या पडतात. त्यांत दलित, भटके-विमुक्त आणि भूमिहीन बहुजन असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच फिटवायची असल्याने ओली बाळंतीणही अंधारात फड गाठते. तान्हे बाळ झोळीत, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. काम बुडाले की खाडा. मोळ्या वाहणाऱ्या या आईने दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजायचे कसे? पाजण्यात खंड पडला की दूध आटते. मग वरचे पातळ दूध येते आणि त्यामागून हगवण. शेवटी शिक्का बसतो तो 'अडाणी आई' असा!

आता संशोधन काय सांगते ते पाहू. बेलारूस देशात ३१ प्रसूती रुग्णालयांत १७,०४६ माता-बालकांवर मोठी चाचणी झाली. २००१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांना स्तनपानाला मदत करण्याचे शिक्षण दिले, इतर ठिकाणी नेहमीचीच पद्धत ठेवली. तिसऱ्या महिन्यात केवळ आईच्या दुधावर असलेली बाळे पहिल्या गटात ४३.३ टक्के होती, दुसऱ्या गटात अवघी ६.४ टक्के. पहिल्या वर्षात पोटाचे संसर्ग झालेली बाळे १३.२ टक्क्यांऐवजी ९.१ टक्के झाली.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, आया त्याच होत्या; बदलली ती यंत्रणा. शिवाय त्या देशात बाळंतपणानंतर तीन वर्षांपर्यंत रजेची सोय होती. आई बाळाजवळ होती, म्हणून सल्ला अंगी लागला.

हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. याच साताऱ्यात त्यांच्या मातोश्री भीमाबाई वारल्या. याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते शाळेत दाखल झाले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बजावले की, बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही त्याचा भार उचलला पाहिजे. १९२९ साली कायदा झाला, तो कारखान्यातील स्त्रियांसाठी.

२०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने! पण ही रजा ऊसतोड बाईपर्यंत पोहोचत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम उचलीच्या वहीकडे. साखर ज्याच्या गोदामात जाते, तो मालक नाही तर कोण?

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने स्तनदा मातेला सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान ६,००० रुपये मातृत्व लाभ दिला. पण बाईचे नाव गावच्या अंगणवाडीत आणि बाई शेकडो मैलांवर फडात!

आमच्या मागण्या साध्या आहेत. ऊसतोड बाईची नोंद कारखान्याच्या दप्तरी स्वतंत्र कामगार म्हणून व्हावी. बाळंतिणीला सहा महिन्यांची मजुरी कारखाना व शासनाने मिळून द्यावी. तिचा खाडा कापू नये. प्रत्येक तळावर पाळणाघर असावे आणि जवळच्या अंगणवाडीने आहार द्यावा.

सातारा-सांगलीतील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होताच कोप्यांवर जावे, तान्ह्या बाळांची व बाळंतिणींची यादी करावी आणि ती कारखाना व जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावी. भिंतीवरचा सल्ला खरा करण्याची जबाबदारी त्यांचीही आहे.