झेंड्याची दोरी कुणाच्या हातात?

दोस्तहो, पंधरा ऑगस्टला तुमच्यातले बरेचजण पुण्या-मुंबईहून गावाकडं जातात. निमगाव केतकीत काय, आणखी कुठं काय, शाळेपुढं झेंडा चढतो, जनगणमन होतं. बावन्न सेकंद. तेवढं ताठ उभं राहायचं. मोबाईल खिशात, गप्पा बंद. यात वाद नाही. झेंडा ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेब होते, २२ जुलै १९४७ ला संविधान सभेनं तो मंजूर केला, मधोमध अशोकाचं चक्र आहे. झेंडा आपला आहे, कुणाच्या बापाची मेहेरबानी नाही.

पण ताठ उभं राहिलं की आदर संपला असं जो सांगेल, त्याला विचारा, बावडा कुठाय? निमगाव केतकीहून इंदापूर, तिथनं अकलूजच्या रस्त्याला. तालुका हाच. १९७२ साली तिथल्या दलितांवर गावानं बहिष्कार टाकला. पँथर जन्मायला जी गावं कारण झाली त्यातलं हे एक. इकडं हे, तिकडं दिल्लीत स्वातंत्र्याची पंचविशी! त्याच १५ ऑगस्टच्या 'साधना'त राजा ढाल्यांनी दोन दंड शेजारी मांडले. बौद्ध बाईचं पातळ सोडलं तर पन्नास रुपये, झेंड्याच्या अपमानाला तीनशे. केवढा गदारोळ झाला. कशावरून? झेंड्यावरून. त्या पन्नास रुपयांची लाज किती जणांना वाटली?

१९७१ च्या कायद्यानं झेंडा जाळला, तुडवला, राष्ट्रगीत अडवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. बाईला नागवं करण्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद आली ती १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं. म्हणजे कागदावरचा दर बदलला, अठरा वर्षांनी का होईना. चौकीत गुन्हा नोंदवून घेतील तेव्हा खरं.

आणि हे बघा. २०२० साली तामिळनाडूत आतुपाक्कम गावच्या दलित सरपंच बाईला पंधरा ऑगस्टला झेंडा चढवू दिला नाही. बोभाटा झाल्यावर कलेक्टर आले, तेव्हा कुठं तिनं चढवला. झेंडा कुणी जाळला नाही, फाडला नाही. म्हणून १९७१ च्या कायद्यात हा अपमान बसतच नाही.

तेव्हा यंदा राष्ट्रगीत संपलं की नजर फिरवा. दोरी कुणाच्या हातात आहे? सरपंच आपली बाई असेल तर ती कुठं उभी आहे? सोळा ऑगस्टला गटारातले कागदी झेंडे कोण वेचतं? नीट पाहा, गावाचं नाव घालून आम्हाला लिहा. पुढच्या अंकात छापू.