किट कारचा इतिहास आणि स्टार्टरची जागा

१/४
१९५७ साली ब्रिटनमध्ये ‘लोटस सेव्हन’ अवतरली. सुट्या भागांच्या संचात घेतल्यास तिच्यावरील खरेदी कर वाचत असे. किट कारचा इतिहास बहुधा या करापाशीच थांबतो. हे अपुरे आहे.

२/४
एका गाडीचे इंजिन दुसरीच्या गिअरबॉक्सला जोडताना स्टार्टर मोटर कोठे बसणार? तिचे पिनियन फ्लायव्हीलच्या दातेरी कड्यात अचूक गुंतलेच पाहिजे. ही जागा सहसा बेलहाउसिंगच्या ओतकामातच ठरलेली असते.

३/४
नेमकी तिथेच चासीची नळी किंवा एक्झॉस्ट आडवा आला, की हौशी कारागिराला आराखडाच बदलावा लागे.

४/४
१९७३ मध्ये खरेदी कर गेला, व्हॅट आला. ही विद्या मात्र टिकली. म्हणूनच कॉलिन चॅपमन यांच्या नावाशेजारी या अनाम हातांनाही इतिहासात स्थान हवे.