‘पाय कसा हाय?’ आणि ‘नोकरीचं काय झालं?’



गेले सात महिने माझ्या हातून एक ओळ लिहून झाली नाही. देवणीच्या बसस्टँडवर, बाजारात, विहारात जो भेटतो तो दोनच प्रश्न विचारतो. पहिला, ‘पाय कसा हाय?’ आणि दुसरा, ‘नोकरीचं काय झालं? काय करलालास आता?’ विचारणाऱ्यांच्या मनात माया आहे, हे मला माहीत आहे. पण प्रत्येकाला तेच ते सांगून मी थकलो. म्हणून एकदाच सविस्तर सांगतो, आणि त्यानिमित्ताने आपल्या चळवळीला दोन प्रश्न उलट विचारतो.

माझा उजवा पाय दोन वर्षांचा असताना पोलिओने गेला, हे जुन्या मित्रांना ठाऊक आहे. चाळीस वर्षे मी डाव्या पायाच्या जोरावर काढली. यंदा जयंतीच्या तयारीसाठी उदगीरला जाताना एसटीच्या पायरीवरून घसरलो आणि त्याच डाव्या पायाचे मांडीचे हाड मोडले. एसटीत अपंगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण गाडीची पहिली पायरी सगळ्यांना सारखीच उंच आहे. ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाले. पुढचे गाडीभाडे, औषधे, व्यायाम करून घेणाऱ्याची फी, सोबत येणाऱ्या भावाची बुडालेली मजुरी हे सगळे घरातून गेले. तीन महिने अंथरुणावर होतो, मग वॉकर आला, आता उजव्या पायाला कॅलिपर आणि हातात कुबडी आहे. सपाट जागेवर चालतो. जिना जमत नाही.

नोकरीचे म्हणाल तर मी कंत्राटावर संगणक ऑपरेटर होतो. अंथरुणावर असतानाच कंत्राटाची मुदत संपली आणि नव्या यादीत माझे नाव नव्हते. कोणी काढले नाही, फक्त पुन्हा घेतले नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चे कलम २० सांगते की सरकारी सेवेत असताना अपंगत्व आले तर त्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. पण हे संरक्षण कायम माणसाच्या कामाचे. कंत्राटी माणसाला काढावेच लागत नाही, तारीख संपू द्यायची. २०२३ मध्ये राज्य सरकारने बाह्ययंत्रणेमार्फत भरतीचा निर्णय काढला आणि तरुणांच्या विरोधामुळे ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. त्या आंदोलनात मीही होतो. कंत्राटीकरणाने आपले आरक्षण संपते, हे मी माईकवरून ओरडून सांगितले. अपंगांचेही आरक्षण संपते, हे माझ्या तोंडून एकदाही आले नाही. स्वतः लंगडत मोर्चात चालत असूनही आले नाही.

हा लेख मी त्यासाठीच लिहितो आहे. जातीबद्दल आपण ज्या स्पष्टपणे बोलतो, त्या स्पष्टपणे अपंगत्वाबद्दल बोलत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न समजतो.

या दोन महिन्यांत मी तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. एका ठिकाणी साहेब म्हणाले, “ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, तुम्हालाच त्रास होईल हो.” म्हणजे नकारही माझ्याच काळजीपोटी! दुसऱ्या ठिकाणी कागद बघून विचारले, “भीमनगर म्हणजे नेमकं कुठे येतं?” मग कळवतो म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी पाय बघितला, पत्ताही बघितला आणि काहीच विचारले नाही. नकार पायाला मिळाला की पत्त्याला, हे मला अजून कळलेले नाही.

आंध्रातील एका अंध दलित मुलीवरील बलात्काराच्या खटल्यात, पाटण जमाल वली प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी हेच नोंदवले. जात, लिंग आणि अपंगत्व यांचे अत्याचार एकमेकांत मिसळतात, ते सुटे करून मोजता येत नाहीत, असे न्यायालयाने विस्ताराने लिहिले. जन्मठेप कायम राहिली. पण ॲट्रॉसिटीची शिक्षा मात्र टिकली नाही, कारण गुन्हा जातीवरून झाला हे त्या वेळच्या तरतुदीनुसार वेगळे सिद्ध झाले नव्हते. जे सुटे करता येत नाही, ते सुटे करून सिद्ध करा म्हणायचे, हीच अडचण आपल्या प्रत्येक अपंग माणसाची रोजची आहे.

आता घरातलेच बोलू. मी पडलो तेव्हा आमच्याच वस्तीतली एक आजी भेटायला आली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आजी डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, “मागच्या जन्माचं काय असंल ते, भोगून मोकळं व्हायचं लेकरा.” आजीवर मी रागावलो नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत का खोडून काढला? कारण माणसाची आजची अवस्था त्याच्याच जुन्या पापाचे फळ ठरवली की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून सुटतात. अस्पृश्यता पूर्वकर्माने आली म्हणणारा आणि पांगळेपण पूर्वकर्माने आले म्हणणारा, दोघे एकाच शाळेत शिकलेले आहेत. पहिल्याला आपण लगेच ओळखतो. दुसऱ्याला अजून घरात बसायला पाट देतो.

पोलिओचेच घ्या. तो मागच्या जन्मातून आला नव्हता, दूषित पाण्यातून आणि घाणीतून आला होता. लस वस्तीपर्यंत वेळेवर पोहोचली नाही म्हणून तो आमच्या घरात शिरला. पुढे लस पोहोचली आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. सरकारने ठरवल्यावर कर्म बदलले म्हणायचे का?

नावाचेही तसेच. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणा असे सुचवले आणि बघता बघता सगळ्या पाट्या बदलल्या. हे आपल्याला नवीन नाही. ‘हरिजन’ हा शब्दही असाच वरून, प्रेमाने आला होता. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात तो शब्द कायद्यात घालायचा झाला, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य निषेध करून सभागृहाबाहेर पडले. देवाचे माणूस म्हटल्याने पाणवठा खुला होत नाही. दिव्य अंग म्हटल्याने जिना उतरत नाही. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला, ही चांगली गोष्ट आहे. मला त्या विभागाकडून देवपण नको, रॅम्प हवा.

मित्रांनो, बाबासाहेबांचा अभ्यास करताना आपण त्यांच्या पदव्या मोजतो, ग्रंथ मोजतो. त्यांचे शरीर मात्र बघत नाही. राज्यघटनेचे काम चालू होते तेव्हा ते मधुमेहाने आणि पायांच्या असह्य दुखण्याने बेजार होते. शेवटच्या वर्षांत नजर अधू झाली, आधाराशिवाय चालणे कठीण झाले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर ते एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर ठेवून आले. त्यांचे लेखन टंकलिखित करून देणारेही रत्तूच. हे दुबळेपण होते का? मदतीचा खांदा मिळाला म्हणून त्या माणसाने लाखोंना धम्म दिला. कायद्याच्या भाषेत यालाच वाजवी सोय म्हणतात. आज एखादा अंध मुलगा परीक्षेला लेखनिक मागतो, तासाला २० मिनिटे जादा मागतो, तेव्हा तो भीक मागत नाही. रत्तूंचा खांदा मागतो.

आता आरक्षणाचे गणित. १९९५ च्या कायद्यात नोकरीत ३ टक्के होते, २०१६ च्या कायद्याने ४ टक्के केले. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. हे आरक्षण आडवे आहे. इंद्रा साहनी निकालापासून (१९९२) तत्त्व असे की अपंग म्हणून निवडलेला उमेदवार ज्या प्रवर्गाचा असेल, त्याच प्रवर्गाच्या जागेत बसवला जातो. म्हणजे मी अपंगांच्या यादीतून निवडला गेलो तरी अनुसूचित जातीच्या जागेतच मोजला जाणार. तरीसुद्धा आपलेच काही कार्यकर्ते मला हसत हसत म्हणतात, “तुझं बरंय, तुला डबल आरक्षण!” डबल काही नाही. अडथळे मात्र डबल आहेत. आपल्याला ‘सरकारचे जावई’ म्हणणाऱ्यांची भाषा आपण आपल्याच अपंग भावाला ऐकवतो, हे लक्षात घ्या.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के आहे. जास्त का? अंगमेहनतीची, धोक्याची कामे आपल्याकडे, कुपोषण आपल्याकडे आणि उपचार उशिरा, तेही आपल्याकडेच.

सिकलसेल बघा. विदर्भातील आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये, आपल्या बौद्ध समाजात, हा आजार घरोघरी माहीत आहे. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल आहे. पण नोकरीतील आरक्षण देणाऱ्या कलम ३४ मध्ये ज्या प्रकारांना टक्का दिला, त्यात तो नाही. शिक्षणात प्रवेश, नोकरीत दार बंद. हा मुद्दा आपल्या किती अधिवेशनांच्या ठरावात आहे?

नोकरी नसलेल्याचे काय? संजय गांधी निराधार योजनेत अपंगांचे अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये झाले. दिवसाला ८३ रुपये. तेवढ्यात आमच्याकडून लातूरला जाऊन यायचे आणि दोन वेळ जेवायचे, हे करून दाखवावे.

म्हणून केवळ सरकारकडे बोट दाखवून मी थांबत नाही. आपल्या हातात असलेल्या चार गोष्टी सांगतो.

एक, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांवर खर्च करायचा असतो. पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा, मागच्या वर्षी तो किती होता आणि कोणावर खर्च झाला. लेखी उत्तर घ्या.

दोन, जयंतीच्या वर्गणीतून एक दिवस प्रमाणपत्राच्या कामाला द्या. माझे जुने कागदी प्रमाणपत्र बदलून युनिक कार्ड मिळवायला मला तीन चकरा माराव्या लागल्या, आणि मला संगणक येतो. ज्या आईला अर्ज भरता येत नाही, तिच्या मुलाचे काय? वस्तीतल्या पाच पोरांनी पाच अर्ज भरून दिले, सोबत बोर्डापुढे नेले, तरी पाच घरांचे भले होईल.

तीन, भरतीचे निकाल लागले की माहितीच्या अधिकारात विचारा: अपंगांच्या जागा किती होत्या, किती भरल्या, भरलेल्यांत अनुसूचित जातीचे किती. आकडा हातात आला की भाषणाला धार येते.

चार, आपले विहार. आमच्या विहाराला सहा पायऱ्या आहेत. सहा महिने मी वंदनेला खाली अंगणात खुर्ची टाकून बसलो. कोणी हाकलले नाही, सगळ्यांनी आदराने खुर्ची आणून दिली. पण काळाराम मंदिराच्या दारात पाच वर्षे सत्याग्रह करणारा आपला समाज. पायरीचा अर्थ आपल्याला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. मी कमिटीला पत्र दिले आहे. विटा आल्या आहेत, सिमेंटची वर्गणी चालू आहे.

आता त्या दोन प्रश्नांची उत्तरे. आमचे देवणी गाव गाई-बैलांसाठी नावाजलेले. बाजारात बैलाची चाल बघून दर ठरतो, ते ठीक आहे. माणसाचा दर तसा ठरवू नका, एवढेच म्हणणे. पाय आहे तसाच आहे, यापुढे फार सुधारणार नाही, आणि मी ते मान्य केले आहे. नोकरी अजून नाही. मी ४१ वर्षांचा आहे. राज्याच्या भरतीत मागासवर्गीयांना ४३ आणि अपंगांना ४५ वर्षांची मर्यादा आहे, म्हणजे हातात चार वर्षे आहेत. इतकी वर्षे अर्जातला ‘दिव्यांग असल्यास’ हा रकाना मी लाजेने रिकामा सोडत आलो. परवा पहिल्यांदा तो भरला. जातीच्या रकान्यात जात लिहिताना मला कधी लाज वाटली नव्हती, ती बाबासाहेबांमुळे. हा दुसरा रकाना भरायला मात्र ४१ वर्षे लागली. तुमच्या वस्तीतल्या पोराला इतकी लागू देऊ नका.

जयभीम!