कळलावीचा कंद उपटू नका, बी पेरा

श्रावण सरत आला की कोकणातील कुंपणांवर आणि घाटाखालच्या झुडपांतून कळलावी फुललेली दिसते. कोणी तिला खड्यानाग म्हणतात, कोणी वाघनखी. तिचे फूल प्रथम हिरवट, मग पिवळे आणि अखेरीस लालभडक होते. सहाही पाकळ्या कडांना लहरी घेत ज्वाळेप्रमाणे वर वळलेल्या असतात. म्हणून संस्कृतात तिला ‘अग्निशिखा’ असे नाव आहे. ‘लांगली’ हे तिचे दुसरे नाव तर आपल्या व्यवसायाशीच नाते सांगणारे आहे. लांगल म्हणजे नांगर. तिचा कंद जमिनीत नांगरासारखा वाकडा, दोन शाखांचा असतो.

आज या कंदावरच संकट आले आहे. औषधी द्रव्यांच्या व्यापारासाठी तो खणला जातो. शहरातील हौशी बागाईतदारांना हवा असतो म्हणूनही खणला जातो. गणेशोत्सवात कोकणातील माटवीसाठी आणि गोव्यातील माटोळीसाठी रानफुले व रानफळे आणण्याची प्रथा सुंदर आहे. परंतु घाईत वेल ओढली जाते आणि मुळासकट हाती येते. ती हलक्या हाताने तोडली, तरी फूल भाद्रपदात जाते आणि बी पिकते कार्तिकात. म्हणजे त्या वर्षी त्या वेलीचे बी धरतच नाही. कंदही गेला आणि बीही गेले, तर पुढे उगवावे कशातून?

यावर माझे स्पष्ट मत असे आहे की, अशा दुर्मिळ होत चाललेल्या फुलझाडांची वाढ गावोगावी बियांपासूनच केली पाहिजे, आणि हे काम आपल्या विस्तारकार्याचा भाग मानले पाहिजे.

शेतकरी बंधू म्हणतील, “कंद लावला तर त्याच पावसाळ्यात फूल मिळते. बियांपासून फुलायला तीन-चार वर्षे लागतात. मग बी कशाला?” आक्षेप खरा आहे. परंतु हिशेब पुरता मांडून पाहावा. कंदाच्या प्रत्येक शाखेच्या टोकाला एकच डोळा असतो. खणताना ते नाजूक टोक मोडले की ती शाखा वाया गेली. कंद नीट निघाला, तरी दोन शाखांच्या फार तर दोन वेली होतात. उलट एकाच बोंडात कित्येक बिया असतात. शिवाय रानातून आणलेला कंद ही वाढ नव्हेच. ती केवळ जागेची अदलाबदल आहे. तामिळनाडूत कळलावी हे राज्यपुष्प आहे, आणि करूर, दिंडुक्कल, तिरुप्पूर या भागांत औषधी बियांसाठी तिची शेती होते. तेथेही लागवडीचे कंद दीर्घकाळ रानातूनच आणले गेले आणि त्याचा भार रानातील वेलींवर पडला. त्या अनुभवावरून आपण वेळीच बोध घ्यावा.

बियांच्या बाबतीत खरी अडचण निराळी आहे. ती आपल्या उतावळेपणाची. येथे माझीच चूक सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका रोपवाटिकेत मी कळलावीचे बी दोन वाफ्यांत पेरविले होते. महिना उलटला, एक कोंब दिसेना. बी निकामी ठरवून मी वाफे मोडण्याचा हुकूम दिला. तेथील वयस्कर माळ्याने एक वाफा मोडला आणि दुसरा मला न सांगता तसाच राखला. श्रावणाच्या अखेरीस त्या वाफ्यात गवताच्या पात्यासारखे कोंब वर आले. माळी एवढेच म्हणाला, “साहेब, बी मेलं नव्हतं, निजलं होतं.” कृषी महाविद्यालयात बीजाच्या सुप्तावस्थेवर मी उत्तरपत्रिका लिहिली होती, तिचा अर्थ मला त्या दिवशी समजला.

म्हणून पुढील पद्धत ध्यानात ठेवावी. प्रत्येक वेलीवर आधी उमललेली दोन-तीन फुले तोडू नयेत. ती बियांसाठी राखावीत. या फुलातील स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळून परागकोशांपासून दूर गेलेली असते, त्यामुळे फळ आपोआप धरेलच असे नाही. सकाळच्या वेळी दुसऱ्या वेलीवरील पराग मऊ कुंचल्याने तिच्या टोकाला लावल्यास फळ धरण्यास मदत होते. बोंड सुरकुतले व उकलू लागले की काढावे. आतील नारिंगी-तांबड्या बियांवरील मऊ आवरण चोळून धुऊन टाकावे आणि बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवावे. ताजे बी सहसा लगेच रुजत नाही. त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते.

ज्येष्ठात पेरणीपूर्वी बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. वाळू आणि कुजलेले पालापाचोळ्याचे खत मिसळून, पाणी साचणार नाही अशा कुंडीत ते सुमारे बोटाच्या एका पेराइतके खोल पेरावे. काही बी तीन-चार आठवड्यांत उगवेल, काहीला दोन-तीन महिने लागतील. पहिल्या वर्षी रोप लहानच राहते आणि पावसाळा संपला की वाळून जाते. येथेच पुष्कळ लोक कुंडी रिकामी करतात. तसे करू नये. मातीत इवलासा कंद तयार झालेला असतो. कुंडी कोरडी व सावलीत ठेवावी; पुढच्या मृगात तो पुन्हा फुटतो. कंद चांगला पोसला की तो कुंपणालगत लावावा. पानांच्या टोकांनीच ही वेल आधार धरून चढते. तिला वेगळा मांडव लागत नाही.

सर्वच रानफुलांना इतका धीर लागतो असे नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस असला, तरी त्याचे बी फार उदार आहे. बोंड हात लागताच फुटते म्हणून पिकू लागताच त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधावी. पहिल्या पावसात पेरलेला तेरडा गौरीच्या सणापर्यंत फुलतो. ज्याला धीर नाही, त्याने तेरड्यापासून आरंभ करावा. हात बसला की कळलावीकडे वळावे.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन हे तीव्र विष असते. याच द्रव्याचा उपयोग वैद्यक गाठियावर करते, आणि 1937 पासून वनस्पतिशास्त्रज्ञ पिकांची गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी करीत आले आहेत. परंतु ते काम तज्ज्ञांचे. कंद रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी किंवा अन्य घरगुती उपचारासाठी त्याचा वापर कधीही करू नये. शाळेजवळ, गोठ्याजवळ ही वेल लावू नये. बी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. चुकून पोटात गेल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी या कामासाठी निराळी योजना येण्याची वाट पाहू नये. आपल्या गावात कळलावी कोठे उरली आहे, याची नोंद गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत करवून घ्यावी. राखीव वनातून व अभयारण्यातून बीसुद्धा परवानगीवाचून आणू नये. बांधावरच्या आणि परसातल्या वेलीच बीजमाता म्हणून राखाव्यात. चार उत्साही शेतकरी निवडून प्रत्येकाकडे दोन-दोन कुंड्या करवाव्यात. भातखाचराची एक वीतही जमीन यात अडकत नाही. पुढे सणाच्या बाजारात फूल विकता आले तर तो वरकड लाभ. मात्र विकावे ते फूल, कंद नव्हे.

आपण आंब्याची कोय लावतो ती नातवंडांसाठी. येथे तर केवळ तीन-चार पावसाळ्यांची वाट पाहावयाची आहे. येत्या कार्तिकात आपल्या कुंपणावरचे एक बोंड राखावे आणि त्याचे बी ज्येष्ठात पेरावे, एवढेच सांगणे आहे. आणि महिन्याभरात कोंब दिसला नाही, तर वाफा मोडू नये.