दिवा लहान, वीज मोठी

वाचकहो, सिंगापूरच्या हार्बरफ्रंटमधील घर असो, मुंबईतील असो वा अश्दोदचे, भिंतीतील वीज २३० व्होल्टचीच. मुलांनी घरी बनविलेल्या एलईडी दिव्यास मात्र १२ व्होल्ट पुरतात. केवळ रोधक वा कपॅसिटर लावून दाब उतरविला तर दिवा लागतो खरा, परंतु त्याची उघडी तार घरच्या विजेशी जोडलेलीच राहते. सिंगापुरी प्लगमधील १३ अँपिअरचा फ्यूज तारेचे रक्षण करतो, मनुष्याचे नव्हे. शरीरातून गेलेला ०.०३ अँपिअरचा प्रवाहही जिवावर बेतू शकतो. म्हणून तेथील ‘सेफ्टी मार्क’ असलेला तयार अ‍ॅडाप्टरच घ्यावा. त्यातील ट्रान्सफॉर्मर दिव्यास भिंतीतील विजेपासून विलग ठेवतो. एकापुढे एक जोडलेले तीन पांढरे एलईडी सुमारे ९ व्होल्ट घेतात. उरलेल्या ३ व्होल्टसाठी १५० ओहमचा रोधक पुरे. हे गणित मुलांकडूनच करवावे, असे आम्हांस वाटते. भिंतीची तार मात्र त्यांच्या हाती कदापि देऊ नये.