तीन तुतवार, तीन खुणा

दिवाळीनंतर भातसा आणि तानसा जलाशयांचे पाणी हळूहळू उतरू लागते. मुरबाडकडे काळू नदीतले दगड उघडे पडतात, कापणी झालेल्या खाचरांत थोडा चिखल उरतो. अशा काठावर मैनेएवढा किंवा तिच्याहून लहान, वरून तपकिरी आणि पोटाला पांढरा पक्षी मागचा भाग हलवत फिरताना दिसतो. "पाण्यावरचं पाखरू" म्हणून आपण पुढे जातो. प्रत्यक्षात हे तीन वेगळे पाहुणे असू शकतात.

सामान्य तुतवार : तो बसलेला असताना खांद्याकडे पाहा. पोटाचा पांढरा रंग पंखाच्या पुढून वर चढलेला दिसतो. शेपटी सतत खाली-वर. उडताना पाण्याला लगटून जातो, पंख थरथरवतो आणि मध्येच ताठ धरतो. पंखावर पांढरी पट्टी असते, कंबर मात्र पांढरी नसते.

हिरवा तुतवार : नाव हिरवा असले तरी लांबून काळाच वाटतो. पांढरी भुवई डोळ्यापुढेच संपते. ओरडत उडाला की पांढरीशुभ्र कंबर चमकते. पंखाची खालची बाजू काळपट असते.

ठिपकेदार तुतवार : पाठीवर फिकट ठिपके, भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत लांब, पाय उंच व पिवळसर. कंबर यालाही पांढरीच, म्हणून इथेच घोटाळा होतो. अशा वेळी पंखाखाली पाहा : फिकट असेल तर ठिपकेदार, काळपट असेल तर हिरवा.

एवढ्या बारकाव्यांचे काय काम, असे कोणी विचारील. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यात 1896 साली जन्मलेल्या डॉ. सलीम अली यांचा पक्ष्यांचा अभ्यास लहानपणी एका चिमणीच्या गळ्यावरच्या पिवळ्या डागापासून सुरू झाला. ही नेहमीची चिमणी नव्हे, हे त्या डागामुळे लक्षात आले. पुढे 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक निघाले.

आपल्या तालुक्यांसाठी कारण आणखी जवळचे आहे. सामान्य तुतवाराला नदीचा दगडगोट्यांचा काठ आवडतो, हिरव्याला झाडीतला ओहोळ किंवा लहान डबके, ठिपकेदाराला मोकळा चिखल आणि ओली खाचरे. ओहोळ बुजला तर हिरवा जाईल, पाणथळ खाचरावर भराव पडला तर ठिपकेदार. तिघांना एकच नाव दिले, तर त्यांतला एक येईनासा झाला तरी आपल्याला कळणार नाही.

म्हणून या हिवाळ्यात फजरनंतर मुलांना घेऊन जवळच्या पाण्यावर जा. लांबूनच पाहा, पाखरू उडवू नका. ते स्वतःहून उडेपर्यंत थांबा. वहीत चारच गोष्टी लिहा : तारीख, जागा, कंबर, पंखाची खालची बाजू. पुढच्या वर्षी तीच वही उघडून त्याच जागी उभे राहा.