तपासणी कशासाठी, तेही लिहा

माझी मावशी चिपळूणला राहते. वय 64. गेल्या पावसाळ्यात तिला जिना चढताना धाप लागायला लागली. "अंगात जीवच नाही बघ," असं ती फोनवर तीनदा म्हणाली, तेव्हा मी पुण्यात बसून एका अ‍ॅपवर तिच्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होऊन वर्ष झालं होतं. पाऊस लागून राहिला होता, आणि 2021 च्या पुरानंतर वाशिष्ठीचं पाणी चढायला लागलं की मावशी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. ऑनलाइन डॉक्टर मिळाले याचं मला खरोखर हायसं वाटलं.

बोलणं चार मिनिटांत संपलं. नाव, वय, त्रास काय, बीपी-शुगर आहे का. "काळजी करू नका काकू, एकदा सगळ्या तपासण्या करून घेऊ." फोन ठेवेपर्यंत चिठ्ठी आली होती. तिच्यावर सत्तरेक तपासण्यांचं एक पॅकेज होतं आणि खाली 'आत्ताच बुक करा' असं बटण. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगा भिजत आला, उपाशीपोटी रक्त घेऊन गेला. संध्याकाळी अकरा पानांचा रिपोर्ट आला. त्यात नऊ आकडे लाल होते.

मावशीने त्यातला एकच धरून ठेवला. एचबीए1सी 6.1, शेजारी 'मधुमेहपूर्व' असा शेरा. त्या रात्रीपासून तिने भात सोडला. चिपळूणच्या बाईने भात सोडणं म्हणजे काय, ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. दुसऱ्या पानावर हिमोग्लोबिन 8.6 होतं. तेही लालच होतं, पण नऊ लालांमधलं कुठलं लाल महत्त्वाचं, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. रिपोर्ट दाखवायचा तर पुन्हा वेळ घ्यायची होती, पुन्हा पैसे भरायचे होते, आणि पुढे बसणार होते वेगळेच डॉक्टर.

आठ दिवसांनी मी तिला दुसऱ्या एका फिजिशियनशी जोडून दिलं. तेही व्हिडिओवरच, हे मुद्दाम सांगते. त्यांनी रिपोर्ट उघडायच्या आधी वीस मिनिटं नुसतं विचारलं. गुडघे दुखतात का? मग त्यासाठी काय घेता? "ती दुखण्याची गोळी. मेडिकलमधून आणते, रोज एक." किती दिवस झाले? "झाले की सहा महिने." शौचाला काळं होतं का? मावशी गप्प झाली. मी कॉलवर होते म्हणून ती संकोचली असावी. मग हळूच म्हणाली, "होतं कधी कधी."

सगळा आजार त्या उत्तरात होता. रोजच्या वेदनाशामक गोळीने जठरात व्रण झाला होता आणि त्यातून थोडं थोडं रक्त झिरपत होतं. शरीरातलं लोह संपलं, हिमोग्लोबिन उतरलं, म्हणून धाप. आणि ते 6.1? लोह कमी पडलं की नव्या तांबड्या पेशी मंदगतीने तयार होतात, जुन्या पेशी रक्तात जास्त दिवस फिरत राहतात आणि त्यांच्यावर साखर चिकटायला जास्त वेळ मिळतो. त्यामुळे साखर वाढलेली नसतानाही एचबीए1सी वर सरकू शकतो. म्हणजे मावशीने भात सोडला तो एका सावलीला भिऊन, आणि खरा आजार शेजारच्या पानावर होता. रक्त तेच, यंत्र तेच, आकडेही बरोबर. फक्त कोणी काही विचारलं नव्हतं.

तपासणीची चिठ्ठी म्हणजे शरीराला विचारलेला प्रश्न असतो. रुग्णाचं ऐकून घेतल्याशिवाय तो प्रश्न नीट मांडता येत नाही. ऐकलंच नाही तर सत्तर प्रश्न एकदम विचारावे लागतात, आणि त्यांची उत्तरं रुग्णाला छळतात. यामागे साधं गणित आहे. बहुतेक तपासण्यांची 'नॉर्मल रेंज' ठरवताना निरोगी माणसांपैकी मधली 95 टक्के घेतात. म्हणजे ठणठणीत माणसांतलीही पाच टक्के प्रत्येक तपासणीत रेंजच्या बाहेर पडतात. अशा 20 स्वतंत्र तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचा निदान एक तरी आकडा लाल येण्याची शक्यता 64 टक्के होते. प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण रोख तोच राहतो. पॅकेज जितकं मोठं तितकी लाल शाई जास्त. मग त्या लाल शाईसाठी आणखी तपासण्या, तज्ज्ञांकडे खेपा, आणि रात्री डोळ्याला डोळा नाही.

काही वाचक म्हणतील, मग डॉक्टरांना समोर बसूनच भेटावं. मला ते मान्य नाही. मंडणगडच्या किंवा भामरागडच्या माणसाला समोर बसणारा फिजिशियन कुठून आणायचा? अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना, तान्हं मूल असलेल्या आईला घरी येऊन रक्त नेणारा मुलगा म्हणजे केवढा आधार. माझी तक्रार माध्यमाबद्दल नाही. चार मिनिटांबद्दल आहे, आणि त्या बटणाबद्दल आहे.

नियम आपल्याकडे आहेत. 2018 मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, रुग्णाचं निदान न करता फोनवरून औषध सांगण्यावर इतके कडक ताशेरे ओढले होते की पुढे कित्येक डॉक्टर फोनवर बोलायलाच बिचकू लागले. कोरोनाची टाळेबंदी लागली त्याच दिवशी, 25 मार्च 2020 ला, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ऑनलाइन सल्ल्याला स्पष्ट आधार मिळाला. ती वाचण्यासारखी आहेत. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. अ‍ॅपमधली कृत्रिम बुद्धिमत्ता डॉक्टरांना मदत करू शकते, पण तिने स्वतः रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहायचं नाही. रुग्ण प्रत्यक्ष यायला तयार असताना डॉक्टरांनी ऑनलाइनचाच आग्रह धरला, तर ते गैरवर्तन. औषधांच्या तर याद्याच आहेत: कुठली पहिल्या सल्ल्यात लिहिता येतील, कुठली फक्त पुढच्या खेपेला, कुठली कधीच नाही.

तपासण्यांची मात्र अशी यादी नाही. त्यांचा उल्लेख येतो तो रुग्णाला द्यायच्या सल्ल्याच्या ओघात, पुढच्या भेटीआधी करून घ्यायच्या गोष्टी म्हणून. त्यातला 'पुढच्या भेटीआधी' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. तपासणी दोन भेटींच्या मधे येते, असं तिथे गृहीतच धरलं आहे. विचारलं कोणी, रक्त तपासलं कोणी, हे वेगळं असलं तरी उत्तर ऐकायला विचारणारा परत यायला हवा. मावशीच्या अ‍ॅपवर तो परत येणार नव्हता. तिथे सल्ला हे गिऱ्हाइकाला आत घेण्याचं दार होतं आणि विकायचं होतं पॅकेज.

इथे एक जुना, ओळखीचा रोग नव्या कपड्यांत दिसतो. डॉक्टरांनी रुग्ण पाठवावा आणि लॅबने टक्का द्यावा, या 'कट प्रॅक्टिस'ला वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनी मनाई केलेली आहे. महाराष्ट्राने 2017 मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही करून घेतला, पण त्याचा कायदा झाला नाही. आता सल्ला देणारं अ‍ॅप आणि रक्त तपासणारी लॅब यांचा मालकच एक असेल, तर टक्का देण्याघेण्याची गरजच उरत नाही. पाकीट या हातातून त्या हातात जातच नाही, कारण दोन्ही हात एकाचेच. डॉक्टरांचा पगार तपासण्यांच्या संख्येवर ठरतो की नाही, हे रुग्णाला कळण्याचा मार्ग नाही. तो असला पाहिजे. जी कंपनी सल्ला आणि तपासणी दोन्ही विकते, तिने हे चिठ्ठीवरच छापावं, अशी सक्ती सरकारने करावी.

याच्या बरोबरीने माझ्या आणखी दोन मागण्या आहेत आणि दोन्ही बिनखर्चाच्या आहेत. ऑनलाइन चिठ्ठीवर प्रत्येक तपासणीपुढे तिचं कारण लिहिलेलं असावं, रुग्णाला कळेल अशा भाषेत. ज्या डॉक्टरांना कारण लिहायचं आहे ते सत्तर तपासण्या लिहिणार नाहीत, हात दुखेल. आणि रिपोर्ट आल्यावर त्याच डॉक्टरांशी बोलणं पहिल्याच फीमध्ये धरलेलं असावं.

तोवर आपल्या हातात काय आहे? डॉक्टरांनी तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्या विचारल्या नाहीत, तर आपणच सांगायच्या. मेडिकलमधून आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या, केसांसाठीच्या बायोटिनच्यासुद्धा, कारण बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे फसवे येतात. रिपोर्टवर सही कोणाची आहे ते पाहायचं. ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि पैसे नसतील तर अ‍ॅपच्या सवलतींमागे लागण्याआधी सरकारचं दार ठोठावायचं. ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार आणि तपासण्या नि:शुल्क आहेत. त्यातल्या अडचणींवर या सदरात मी पूर्वी लिहिलंय आणि पुढेही लिहीन, पण दार उघडं आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

त्या दुसऱ्या डॉक्टरांनी मावशीला आधी सांगितलं, "गोळी आजपासून बंद. आणि उद्याच जवळच्या रुग्णालयात जाऊन पोट, नाडी, बीपी तपासून घ्या, ते मला इथून करता येत नाही." मग चिठ्ठी पाठवली. पाच ओळी होत्या. 'फेरिटिन: शरीरात लोह किती शिल्लक आहे ते पाहायला.' 'शौचाची तपासणी: रक्त जातंय का ते पाहायला.' पाचवी ओळ एंडोस्कोपीची होती, तिच्यापुढे लिहिलं होतं, 'रक्त कुठून जातंय ते शोधायला; घाबरू नका, नंतर मी बोलतो.' मावशीने ती चिठ्ठी शेजारच्या मुलीकडून मोठ्या कागदावर उतरवून घेतली. दोन दिवसांनी रक्त घ्यायला तोच भिजलेला मुलगा आला, तेव्हा तिने चष्मा लावून पाचही ओळी त्याला वाचून दाखवल्या आणि विचारलं, "यातलं तू काय काय नेणार आहेस?"